अक्षरांवरची टिंबं

सप्टेंबर संपत आला होता. दिंडोरी तालुक्यातल्या मामांच्या द्राक्षबागेत गोडी छाटणीची तयारी चालली होती. छाटणीला अजून आठ दिवस होते, पण मामा सकाळपासून कात्री घेऊन ओळींतून फिरत होते. इथून एक काडी, पुढच्या ओळीतून दोन. एक जाड, एक बारीक, एक मध्यम. पंधरा-वीस काड्या झाल्या तशी त्यांनी मोळी बांधली, ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि वर चिठ्ठी खोचली. प्लॉट नंबर, वाण, एप्रिलमधल्या खरड छाटणीची तारीख.

"लॅबला न्यायच्यात," ते म्हणाले. "काडी तपासून आणल्याशिवाय कात्री लावायची नाही."

नाशिकच्या बागायतदाराला यात नवं काही नाही. लॅबमध्ये काडीवरचा एकेक डोळा ब्लेडनं उभा चिरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. आत मोहरीच्या दाण्याहूनही लहान असा सूक्ष्मघड तयार झालाय का, आणि तो कितव्या डोळ्यावर आहे, हे दिसतं. त्यावरून काडी किती डोळ्यांवर कापायची ते ठरतं. अंदाजानं एक डोळा अलीकडे कापलं, तर वर्षभराचं पीक कात्रीबरोबर जमिनीवर पडतं.

शेजारच्या बागेचा रिपोर्ट चार दिवस आधीच आला होता. वाण तोच, माती तीच, बांध लागून. मी विचारलं, "मामा, त्यांचाच रिपोर्ट बघून कापलं तर?"

मामांनी मान हलवली. "शेजारच्या प्लॉटचा रिपोर्ट आपल्या बागेला चालत नसतो. त्याची खरड छाटणी दहा दिवस आधीची. त्याच्याकडे ऊन वेगळं खेळलं, पाणी वेगळं बसलं. वेल तीच असली, तरी डोळ्यात काय शिजलंय ते ज्याचं त्यानंच बघावं लागतं."

कॅन्सर आणि एपिजेनेटिक्स या विषयावर मी तेव्हा काही महिने वाचत होतो. वाचलेलं बरंच होतं, पण सुटं सुटं होतं. मामांच्या या एका वाक्यानं ते जागेवर बसलं.

घड की बाळी?

वेलीच्या डोळ्यात सुरुवातीला जो कोंब असतो, त्याचं काय व्हायचं ते ठरलेलं नसतं. खरड छाटणीनंतरच्या उन्हाळ्यात त्याला पुरेसा प्रकाश मिळाला, पाण्याचा आणि अन्नद्रव्याचा मेळ जमला, तर त्याचा घड होतो. नाही जमला, तर त्याच कोंबाची बाळी होते, तारेला वेटोळं घालणारी. "घड बाळीवर गेला" हे वाक्य ज्याच्या बागेत म्हटलं जातं, त्या घरात त्या वर्षी लग्न पुढे ढकलतात.

घडाच्या पेशीतला डीएनए आणि बाळीच्या पेशीतला डीएनए एकच असतो. पोथी तीच, एकीकडे एक अध्याय वाचला गेला, दुसरीकडे दुसरा.

कधी कधी अक्षरही बदलतं, आणि बागायतदारांना तेही ठाऊक आहे. थॉमसन सीडलेसच्या बागेत एखादी काडी वेगळीच निघते, मणी लांबट होतात. सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी अशी वेगळी निघालेली काडी हेरली, जपली, वाढवली आणि 'सोनाका' हा वाण उभा राहिला. हा बदल कलमातून पुढच्या प्रत्येक वेलीत उतरतो. म्हणजे वेलीत बदल दोन तऱ्हेचे. एक अक्षराचा, एक वाचनाचा.

कॅन्सरकडे आपण कित्येक दशकं पहिल्या तऱ्हेचा आजार म्हणून पाहिलं. तंबाखूच्या धुरातली रसायनं, अतिनील किरणं, काही विषाणू डीएनएची अक्षरं बिघडवतात आणि पेशी बेलगाम होते. हे खरंच आहे, पण अर्धं. उरलेला अर्धा भाग वाचनातल्या बिघाडाचा आहे, आणि तोच अभ्यासणारी शाखा म्हणजे एपिजेनेटिक्स. 'एपि' म्हणजे वर, मराठीत 'अधिजनुकशास्त्र'. 'एपिजेनेटिक्स' हा शब्द कॉनरॅड वॉडिंग्टन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञानं १९४२ साली वापरात आणला. जनुकं तीच असताना एका गर्भपेशीपासून डोळा, यकृत, कातडी इतकं वेगवेगळं कसं घडतं, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता.

टिंब म्हणजे काय?

माणसाच्या डीएनएत सुमारे ३०० कोटी अक्षरं असतात, चारच प्रकारची: ए, सी, जी आणि टी. 'सी'च्या पाठोपाठ 'जी' येते अशा जागा साधारण २ कोटी ८० लाख. अशा जागेवरच्या 'सी'ला पेशी एक छोटासा रासायनिक गट चिकटवू शकते: एक कार्बन, तीन हायड्रोजन. याला मिथाइल गट म्हणतात. अक्षर 'सी'च राहतं. फक्त त्याच्या डोक्यावर टिंब येतं.

टिंबाचं महत्त्व मराठी वाचणाऱ्याला समजावून सांगायला नको. 'मद' या शब्दावर टिंब पडलं की 'मंद' होतं. डीएनएतही जवळपास तसंच घडतं. जनुकाच्या सुरुवातीला, त्याच्या दारात, अशी टिंबं दाटली की ते जनुक मंद होतं किंवा पुरतं गप्प बसतं. पेशी दुभंगताना एक विकर अक्षरांबरोबर ही टिंबंही नव्या प्रतीवर उतरवतं. म्हणून यकृताच्या पेशीची लेक यकृताचीच राहते, ती एक दिवस उठून केस उगवायला लागत नाही.

टिंबं पुसली तर काय होतं, तेही माणसानं पाहिलं आहे. १९८० साली पीटर जोन्स आणि शर्ली टेलर यांनी ॲझासायटिडिन या द्रव्याचा परिणाम उलगडून दाखवला. प्रयोगशाळेत वाढवलेल्या उंदराच्या साध्या पेशींना ते दिलं की डीएनएवरची टिंबं नव्या प्रतीवर उतरत नव्हती, आणि त्यातल्या काही पेशी चक्क स्नायूच्या पेशी होत होत्या. एकही अक्षर न बदलता पेशीची जात बदलली होती.

१९८३ साली अँड्र्यू फाइनबर्ग आणि बर्ट फोगेलस्टाइन यांना दिसलं की कॅन्सरच्या पेशींत, शेजारच्या निरोगी पेशींच्या तुलनेत, कित्येक जनुकांवरची टिंबं गळालेली आहेत. पुढच्या दशकात याची दुसरी बाजू उघडी पडली. एकीकडे टिंबं सर्वदूर गळतात आणि दुसरीकडे नेमक्या राखणदार जनुकांच्या दारात ती गर्दी करतात. पेशीच्या वाढीला लगाम घालणारं पी-१६ हे जनुक, डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारं एमएलएच-१ हे जनुक, यांची अक्षरं शाबूत असूनही ती बंद पडलेली सापडली. पहारेकरी जिवंत होता. त्याच्या तोंडात बोळा कोंबलेला होता.

संगणकासमोरचा जीवशास्त्रज्ञ

ही टिंबं सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाहीत. ती वाचायची युक्ती १९९२ साली ऑस्ट्रेलियात मेरियन फ्रॉमर आणि सहकाऱ्यांनी मांडली. डीएनएवर बायसल्फाइट नावाच्या क्षाराची प्रक्रिया केली की बिनटिंबाची 'सी' बदलते आणि वाचताना ती 'टी' म्हणून दिसते. टिंब असलेली 'सी' मात्र तग धरते.

एक ओळ घेऊ: ए-सी-जी-टी-सी-ए. प्रक्रियेनंतर यंत्रानं ती ए-सी-जी-टी-टी-ए अशी वाचली, तर पहिल्या 'सी'वर टिंब होतं आणि दुसरीवर नव्हतं. एवढं सोपं. पण असे तुकडे किती? संपूर्ण डीएनए तीस-तीस वेळा वाचायचा म्हटला, तर एका रुग्णाच्या एका नमुन्यातून दीडशे अक्षरांचे जवळजवळ ६० कोटी तुकडे निघतात. प्रत्येक तुकडा ३०० कोटी अक्षरांत नेमका कुठला ते शोधायचं, तेही बहुतेक 'सी'च्या 'टी' झालेल्या असताना. हे हातानं होणारं काम नाही, आणि निव्वळ संगणकवाल्याचंही नाही. इथे संगणकीय जीवशास्त्रज्ञ लागतो. त्याच्या टेबलावर परीक्षानळी नसते. पडद्यावर आकड्यांचा तक्ता असतो: आडव्या ओळींत जागा, उभ्या रकान्यांत रुग्ण आणि प्रत्येक चौकोनात शून्य ते एकमधला एक आकडा. त्या जागी वीस तुकडे वाचले गेले आणि पंधरांत टिंब होतं, तर ०.७५.

मला या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटली ती त्यातला संशय. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या एका चाचणीपट्टीवर साडेआठ लाखांहून अधिक जागा एकाच वेळी तपासल्या जातात. 'शंभरात पाच वेळा चूक चालेल' अशी नेहमीची ढिली कसोटी लावली, तर कॅन्सरशी काडीचाही संबंध नसलेल्या बेचाळीस हजारांवर जागा निव्वळ योगायोगानं 'सापडतील'. सापडलं म्हणून नाचायचं नाही. आधी चाळण बारीक करायची.

दुसरा संशय नमुन्यांचा. कॅन्सरचे सगळे नमुने सोमवारी आणि निरोगी ऊतींचे सगळे गुरुवारी यंत्रावर चढवले, तर तक्त्यात ठळक फरक दिसतो. पण तो कॅन्सरचा असेलच असं नाही. सोमवार आणि गुरुवारचाही असू शकतो. रसायनाची बाटली बदलली, हात बदलला, खोलीचं तापमान बदललं, तरी आकडे हलतात. म्हणून नमुने आधीच नीट मिसळावे लागतात, मामांनी जाड-बारीक काड्या मिसळल्या होत्या तसे.

तिसरा संशय पेशींच्या सरमिसळीचा. गाठीच्या तुकड्यात फक्त कॅन्सरच्या पेशी नसतात; रक्ताच्या, चरबीच्या, सूज आणणाऱ्या पेशीही असतात. एका गाठीत पांढऱ्या पेशी जास्त घुसल्या असतील, तर टिंबांतला फरक कॅन्सरचा नसून मिश्रणातल्या प्रमाणाचा असतो. ते मिश्रण गणितानं सोडवावं लागतं. या तीन चाळण्यांतून जे उरतं, तेच पुढे डॉक्टरच्या टेबलावर जायच्या लायकीचं. त्यासाठी संगणकही तसाच लागतो. पुण्यातल्या आयसर या विज्ञान संस्थेत २०१९ साली उभा राहिलेला 'परम ब्रह्म' हा महासंगणक आपल्याकडच्या अशा सोयींपैकी एक.

टिंबांवरून निदान

हे सगळं रुग्णापर्यंत पोचतं का? पोचतं, आणि त्याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण मेंदूच्या गाठींचं आहे. या गाठींचे प्रकार सूक्ष्मदर्शकाखाली इतके सारखे दिसतात की अनुभवी तज्ज्ञांतही मतभेद होतात. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या गटानं सुमारे २,८०० गाठींच्या टिंबांचा नकाशा जमवला, ८२ प्रकार ठरवले आणि संगणकाला ते ओळखायला शिकवलं. मग नव्या १,१०४ गाठी त्याच्यापुढे ठेवल्या. २०१८ साली 'नेचर'मध्ये त्यांनी लिहिलं, की १२ टक्क्यांपर्यंत रुग्णांचं मूळ निदान त्यामुळे बदललं. निदान बदलणं म्हणजे औषध बदलणं, कुठे किरणोपचार टळणं. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं मेंदूच्या गाठींच्या वर्गीकरणात टिंबांच्या या नकाशाला जागा दिली.

टिंब प्रत्येक वेळी शत्रूच असतं असंही नाही. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या जहाल कॅन्सरमध्ये एमजीएमटी नावाचं जनुक औषधानं केलेली मोडतोड दुरुस्त करून कॅन्सरच्या पेशीला वाचवतं. ज्या रुग्णांत हे जनुक टिंबांनी गप्प झालेलं असतं, त्यांना टेमोझोलोमाइड हे औषध चांगलं लागू पडतं. २००५ साली मोनिका हेगी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की अशा रुग्णांत नुसत्या किरणोपचारानं आयुष्याचा मध्यक १५.३ महिने होता, तर औषध जोडल्यावर २१.७ महिने. सहा महिने वाचायला थोडे वाटतात. ज्या घरात ते मिळतात, त्या घराला विचारावं.

सिन्नरची आत्या

माझी एक आत्या सिन्नरला होती. सिन्नर म्हणजे विड्यांचं गाव. दुपारी ओट्यावर बायका मांडीवर सूप घेऊन बसायच्या. सुपात एका बाजूला भिजवून कापलेली तेंदूची पानं, दुसऱ्या बाजूला तंबाखूचा चुरा. चिमूट पसरायची, पान वळायचं, नखानं तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. गप्पा चालू आणि बोटं चालू. मजुरी हजारावर. आत्याच्या बोटांची टोकं पिवळट तपकिरी झाली होती आणि साबणानं जात नव्हती. ती विडी ओढत नव्हती, पण सकाळ-संध्याकाळ मिश्री लावायची. गालाच्या आत पांढरा चट्टा आला, तो दुखला नाही, म्हणून कुणाला दाखवला नाही. दाखवला तेव्हा उशीर झाला होता. शेवटच्या महिन्यांत ती एकच म्हणायची: "सटवाईनं लिहिलेलं कोण पुसणार?"

तिला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आज थोडंफार देता येईल.

मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. रजनी भिसे यांच्या गटानं विडी उद्योगातल्या कामगारांचा अभ्यास केला होता. विडी न ओढताही, निव्वळ कामातून तंबाखू त्यांच्या शरीरात जातो आणि पेशींतल्या गुणसूत्रांना इजा झाल्याच्या खुणा दिसतात, हे त्या कामातून पुढे आलं. ही झाली अक्षरांची इजा.

टिंबांचं काय? २०१६ साली १५,९०७ लोकांच्या रक्तावर केलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सिगारेट ओढणाऱ्यांच्या डीएनएवर २,६०० पेक्षा जास्त जागी टिंबांचं प्रमाण बदललेलं होतं. एएचआरआर नावाच्या जनुकावर तर धूम्रपानाची खूण इतकी ठळक पडते, की नुसत्या रक्ताच्या नमुन्यावरून माणूस ओढतो का, हे बऱ्यापैकी सांगता येतं. टिंब तिथे पुसट होत जातं. पण त्याच अभ्यासानं आणखी एक गोष्ट दाखवली. सिगारेट सोडल्यावर पाच वर्षांच्या आत यातल्या बहुतेक जागा कधीच न ओढलेल्या माणसासारख्या झाल्या. काही थोड्या जागांवर मात्र तीस वर्षांनीही खूण उरली होती.

सटवाईचं लिहिलेलं पुसता येत नसेल, पण तिच्या अक्षरांवर आपण जी टिंबं वाढवतो आणि पुसतो, त्यातली पुष्कळशी आपल्या हातात आहेत. तंबाखू सोडणं म्हणजे नुसतं नवं नुकसान थांबवणं नव्हे. झालेलं काही नुकसान भरूनही येतं. हे गावागावांतल्या शाळांत सांगायला हवं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, पण मिश्रीचा डबा अजून कितीतरी न्हाणीघरांच्या कोनाड्यात आहे.

आता मामांचं वाक्य इथे ठेवून पाहा. ते १५,९०७ लोक मुख्यतः अमेरिका आणि युरोपातले. त्यांतल्या ओढणाऱ्यांच्या तोंडात सिगारेट होती. मिश्री, खैनी, सुपारी, विडी नव्हती. धूर फुप्फुसात जातो, चुना-तंबाखू गालाच्या आत तासन् तास दबून राहतो. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला कॅन्सरचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळतात. त्यांत ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे १ लाख ४३ हजारांवर, आणि पुरुषांत हाच पहिल्या क्रमांकावर. हा आपल्या बागेतला आजार आहे. शेजारच्या प्लॉटचा रिपोर्ट याला कसा चालेल?

हजार रुग्णांची नोंद

महाराष्ट्राला हे नवं सांगावं लागत नाही, कारण ही वाट इथेच पडली आहे. १९४१ साली मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रं डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. १९४४ साली त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. संगणक नव्हता. कागद, रकाने आणि प्रश्न होते: कोण काय खातो, काय चघळतो, गाठ कुठे उठते. परदेशी पुस्तकांतला कॅन्सर आणि आपल्याकडचा कॅन्सर वेगळा का, हे त्यांना आपल्याच माणसांकडे बघून शोधायचं होतं. आजचा संगणकीय जीवशास्त्रज्ञ तक्ता उघडतो, तेव्हा तो खानोलकरांच्याच रकान्यांत आणखी साडेआठ लाख ओळी वाढवत असतो.

खानोलकरांच्याच हाताखाली तयार झालेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी भारतीय कॅन्सर संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. पेशी शरीराबाहेर जगवून अभ्यासायची सोय देशात रुजली ती त्यांच्यामुळे. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर त्या नगर जिल्ह्यातल्या आदिवासी बायका-मुलांच्या आरोग्याकडे वळल्या. प्रयोगशाळेतून थेट वाडी-पाड्यावर गेलेली ही वाट मला फार मोठी वाटते.

पुण्यात डॉ. संजीव गलांडे यांनी, आधी राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात आणि मग आयसरमध्ये, डीएनएच्या घडीचा अभ्यास केला. एका पेशीतला दोन मीटर डीएनए इवल्याशा केंद्रकात मावतो, कारण तो प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. घडीच्या वर आलेला भाग वाचला जातो, आत दडलेला वाचला जात नाही. सॅटबी-१ नावाचं प्रथिन ही घडी बसवतं. त्यावर फॉस्फेट बसला की ते एक काम करतं आणि निघाला की दुसरं, हे गलांडे यांच्या गटानं २००६ साली दाखवलं. पुढे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमधल्या या प्रथिनाच्या भूमिकेवरही पुण्यात काम झालं. २०१० सालचा भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला. सॅटबी-१ची गोष्ट सरळ मात्र नाही. २००८ साली अमेरिकेतल्या गटानं, हे प्रथिन स्तनाच्या कॅन्सरमध्ये हजारावर जनुकांचं वाचन बदलतं, असं जाहीर केलं. दोनच वर्षांत दुसऱ्या शास्त्रज्ञांनी त्यावर शंका घेतली. अशी शंका घेतली जाते, म्हणूनच उरलेल्यावर भरवसा ठेवता येतो.

खारघरच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्रात डॉ. संजय गुप्ता यांचा गट कॅन्सरमध्ये त्या रिळांच्या प्रथिनांत काय बदलतं ते पाहत आला आहे. त्याच संस्थेत डॉ. अमित दत्त यांच्या गटानं २०१६ साली एक साधं वाटणारं, पण पायाचं काम केलं. गाठीतली बदललेली अक्षरं ओळखायची, तर त्या माणसाची जन्मजात अक्षरं वजा करावी लागतात. वजाबाकीसाठी हाताशी असलेले संग्रह मुख्यतः परदेशी लोकांचे. त्यामुळे भारतीयांचं जन्मजात वेगळेपणही कॅन्सरचा बदल म्हणून गणलं जाण्याचा धोका होता. या गटानं भारतीय रुग्णांच्या ६२ निरोगी नमुन्यांतून १ लाख १४ हजारांवर जन्मजात बदलांचा संग्रह तयार केला आणि तो सर्वांसाठी खुला ठेवला. फक्त ६२ नमुने, पण आपल्या बागेतले.

अक्षरांच्या बाबतीत जर एवढी गरज पडली, तर टिंबांच्या बाबतीत ती कितीतरी पटींनी मोठी. अक्षरं जन्मभर जवळपास तीच राहतात. टिंबं वयाबरोबर, व्यसनाबरोबर, आजाराबरोबर बदलतात. सिन्नरच्या विडी कामगार बाईचा नकाशा काढायचा तर सिन्नरलाच जावं लागेल.

अंबडचा रस्ता

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांच्या शेजारी दातार कॅन्सर जेनेटिक्सची प्रयोगशाळा आहे. रक्ताच्या नमुन्यातून कॅन्सरचा माग काढणं हे तिचं काम. गाठीतून सुटलेल्या थोड्या पेशी रक्तात फिरत असतात. त्या लाखो-कोटी रक्तपेशींतून वेगळ्या काढायच्या कशा? निरोगी पेशीला, वेळ आली की मरण्याची आज्ञा पाळावी लागते. कॅन्सरच्या पेशीनं ती आज्ञाच गप्प केलेली असते. विशिष्ट द्रावणात ठेवल्यावर निरोगी पेशी मरतात आणि या हट्टी पेशी उरतात, या तत्त्वावर त्यांची पद्धत उभी आहे. त्यांच्या शास्त्रज्ञांनी पाच हजारांवर रुग्ण आणि दहा हजारांवर लक्षणं नसलेल्या व्यक्तींच्या नमुन्यांवरचं काम २०२० साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडलं. २०२१ साली त्यांच्या स्तनकॅन्सरच्या चाचणीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं 'ब्रेकथ्रू' हा दर्जा दिला.

इथे वाचकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. हा दर्जा म्हणजे अंतिम मान्यता नव्हे. तपासणीची वाट लवकर मोकळी करण्यासाठी तो दिला जातो. सरसकट निरोगी माणसांसाठीच्या कुठल्याही रक्तचाचणीला, मग ती जगात कुठेही बनलेली असो, एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं: तिच्यामुळे जीव वाचतात का? त्याला वर्षं लागतात. तरी आपल्या गावात हे काम व्हावं याचा मला अभिमान आहे. रक्तात तरंगणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांवरची टिंबं वाचून गाठ कुठल्या अवयवात आहे ते ओळखण्याचे प्रयत्नही जगभर जोरात आहेत. मलातल्या डीएनएवरची टिंबं पाहणारी आतड्याच्या कॅन्सरची चाचणी तर अमेरिकेत २०१४ सालीच मान्य झाली.

औषधांचीही सुरुवात झाली आहे. उंदराच्या पेशींना स्नायू करणारं ते ॲझासायटिडिन २००४ साली अमेरिकेत रक्तनिर्मितीच्या एका गंभीर आजारासाठी मान्य झालं आणि आज आपल्याकडेही वापरलं जातं. पण ते टिंबं सरसकट पुसतं, हवी तीही आणि नको तीही. गाठींच्या कॅन्सरवर त्याचा तसा उपयोग झालेला नाही. त्यामुळे 'जनुकं सुधारणारी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या आणि काढ्यांवर कुणी पैसे घालू नयेत. एखादा काढा नेमकं हवं तेच टिंब पुसतो, असं कुणीही सिद्ध केलेलं नाही.

ज्याचं त्यानं

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय नाशिकला आहे. कॅन्सरची रुग्णालयं इथे आहेत, महाविद्यालयांतून संगणकशास्त्र शिकलेली शेकडो मुलं दरवर्षी बाहेर पडतात आणि पुण्या-बंगळूरच्या गाड्या पकडतात. रोगनिदानाच्या प्रयोगशाळांत रुग्णांच्या गाठींचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यांत बसवून ठेवलेले असतात, प्रत्येकावर एक क्रमांक. काडेपेटीएवढ्या त्या एकेका ठोकळ्यात एका माणसाची अक्षरं आहेत आणि टिंबंही. रुग्णांची संमती, गुप्ततेची शिस्त आणि चांगल्या नोंदी असतील, तर आपला नकाशा तिथूनच सुरू होतो. मशीन विकत घेता येतं, पण कुणी किती वर्षं मिश्री लावली हे मशीन सांगत नाही. ते विचारावं लागतं, मराठीतून, ओट्यावर बसून. खानोलकरांनी तेच विचारलं होतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मामांचा रिपोर्ट आला. एक पानाचा कागद, आठ डोळ्यांची आठ घरं. सूक्ष्मघड बहुतेक काड्यांत सहाव्या डोळ्यावर होता. शेजाऱ्याच्या बागेत तो पाचव्यावर सापडला होता. मामांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि पहिल्या काडीवर बोटानं डोळे मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन... सहाव्याच्या पुढे बोट थांबलं आणि मगच कात्री लागली.

आत्याच्या गालातला तो चट्टाही असाच कुणीतरी वेळेवर मोजायला हवा होता.